नवी होडी : किनारा सोडण्यापूर्वीची तयारी

डहाणूपासून तेरेखोलपर्यंतच्या किनाऱ्यावर अशी अनेक कुटुंबे आहेत की, ज्यांचा निर्वाह पावसाळ्यात भातशेतीवर आणि उरलेल्या दिवसांत खाडीच्या व समुद्राच्या मासळीवर चालतो. सन २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने मत्स्यव्यवसायास कृषीचा दर्जा दिला. किसान क्रेडिट कार्डाची सोय त्यापूर्वीच, सन २०१८-१९ पासून, मच्छीमारांना लागू झालेली होती. त्यामुळे आजवर दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून जाणारा एखादा तरुण आता स्वतःची होडी घेण्याचा विचार करू लागला, तर त्यात नवल नाही. बैलजोडी घेताना शेतकऱ्याला जो आनंद होतो, तोच आनंद नव्या होडीच्या नाळेला हार घालताना त्या घराला होतो.

परंतु पुष्कळदा असे घडते की, साठविलेली रक्कम व काढलेले कर्ज होडीचा सांगाडा, यंत्र आणि जाळी यांतच संपून जाते. नांगराचा दोर जुना घेतला जातो, लाइफ जॅकेट 'पुढच्या हंगामात पाहू' म्हणून राहून जाते आणि सुट्या भागांच्या पेटीत एक पाना व एक पक्कड एवढेच सामान असते. समुद्र शांत असेपर्यंत ही उणीव जाणवत नाही. यंत्र बंद पडते, वारा फिरतो, तेव्हा ती जाणवते. पण त्या वेळी दुकान दूर असते. म्हणून नव्या मालकाने एक गोष्ट आरंभीच मनाशी पक्की करावी. जीवरक्षणाचे साहित्य आणि निघण्यापूर्वीची तयारी हा होडीवरचा जादा खर्च नव्हे, तो होडीचाच भाग आहे. ज्याच्याजवळ त्यासाठी पैसा उरणार नसेल त्याने थोडी लहान होडी घ्यावी, पण साहित्यात काटकसर करू नये.

येथे दिलेली माहिती मुख्यतः खाडीत व किनाऱ्याजवळ दिवसाच्या फेऱ्या करणाऱ्या लहान यांत्रिक होडीसंबंधी आहे.

कागदपत्रे

होडीची नोंदणी व मासेमारीचा परवाना या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. नोंदणीमुळे होडीची मालकी व ओळख सिद्ध होते. राज्याच्या सागरी हद्दीत मासे धरण्याचा अधिकार महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ याखालील परवान्याने मिळतो. एक आहे म्हणून दुसऱ्याची गरज नाही, असे समजू नये. नवी होडी बांधावयास टाकण्यापूर्वीच आपल्या भागातील मत्स्यव्यवसाय कार्यालयात चौकशी करावी. होडी तयार झाल्यावर परवाना नाकारला गेला तर भरलेले पैसे अडकून पडतात. जुनी होडी विकत घेणाऱ्याने नोंदणी स्वतःच्या नावावर झाल्यावाचून व्यवहार पुरा झाला असे मानू नये.

नोंदणीचा क्रमांक नाळेच्या दोन्ही बाजूंस ठळक रंगवावा. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला करणारे अतिरेकी एका मासेमारी नौकेचा ताबा घेऊन समुद्रमार्गे आले होते. तेव्हापासून समुद्रावर होड्यांची व खलाशांची तपासणी अधिक कसोशीने होते. म्हणून प्रत्येक खलाशाचे ओळखपत्र आणि नोंदणी व परवाना यांच्या प्रती पाणी न शिरणाऱ्या पिशवीत घालून होडीवरच ठेवाव्यात.

विमा होडीचा व माणसांचा वेगवेगळा असतो. होडीचा विमा कर्ज देणारी संस्था बहुधा करावयास लावतेच. सन २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत मच्छीमारांच्या अपघात विम्याची तरतूद करण्यात आली. अपघाती मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास ५ लाख रुपये अशी त्यातील रक्कम ठरविण्यात आली. आपले व आपल्या खलाशांचे नाव चालू वर्षाच्या यादीत आहे किंवा नाही, हे मच्छीमार सहकारी संस्थेकडे जाऊन प्रत्यक्ष पाहावे.

जीवरक्षक साहित्य

होडीवर जितकी माणसे, तितकी लाइफ जॅकेटे असलीच पाहिजेत. ती फळीखाली, जाळ्यांच्या ढिगाखाली किंवा घरी खुंटीवर ठेवून काही उपयोग नाही. 'जॅकेट घातल्याने जाळे ओढता येत नाही', ही खलाशांची तक्रार अगदीच खोटी नसते. म्हणून खरेदी करतानाच हात मोकळे राहतील अशा प्रकारचे, अंगाला बेताचे बसणारे जॅकेट निवडावे. निदान खाडीचे मुख ओलांडताना, रात्री, वारा वाढल्यावर आणि पोहता न येणाऱ्या माणसाने सदैव जॅकेट अंगात घातलेच पाहिजे, असा नियम मालकाने स्वतःपासून सुरू करावा. मालक घालील तरच खलाशी घालतील.

नवे जॅकेट आणल्यावर ते घालून छातीभर पाण्यात उतरावे व पाय सोडून पाहावे. तोंड पाण्याबाहेर राहते किंवा नाही, पट्टे काखेतून वर सरकतात किंवा नाही, हे त्यावरून कळते. ही परीक्षा खाडीच्या काठी पाच मिनिटांत होते.

याखेरीज २० ते २५ मीटर तरंगती दोरी बांधलेले एक प्राणरक्षक कडे हाताशी असावे. घट्ट बुचाचा २० लिटरचा रिकामा कॅनही माणसाला धरून राहण्यास उपयोगी पडतो. पण तो जॅकेटाऐवजी नव्हे, जॅकेटाबरोबर जवळ ठेवावा. माणूस पाण्यात पडल्यास एकाने त्याच्यावरील नजर क्षणभरही हलवू नये व हाताने दिशा दाखवीत राहावे. दुसऱ्याने कडे टाकावे आणि सुकाणूवरील माणसाने होडी हळू वळवून, माणूस जवळ येताच पंखा थांबवावा. फिरत्या पंख्याजवळून माणसाला वर घेण्याचा प्रयत्न जिवावर बेततो.

होडी उलटल्यास तिला सोडून पोहत किनारा गाठण्याचा मोह आवरावा. किनारा दिसतो त्यापेक्षा दूर असतो. उलटी झालेली होडी पुष्कळदा तरंगत राहते आणि शोध घेणाऱ्यांना एकट्या डोक्यापेक्षा होडी लवकर दिसते.

नांगर व दोर

यंत्र बंद पडलेल्या होडीचा पहिला आधार नांगर होय. उथळ किनाऱ्यावर वेळेवर टाकलेला नांगर होडीला खडकावर जाण्यापासून वाचवितो. परंतु नांगर कितीही जड असला तरी दोर अपुरा असेल, तर तो जमिनीत रुतत नाही, फरफटत जातो. दोर लांब असला म्हणजे नांगरावरील ओढ आडवी पडते व त्याचे टोक खोल शिरते. म्हणून पाण्याची जेवढी खोली, तिच्या निदान पाचपट आणि वारा जोराचा असल्यास सातपट दोर सोडावा. समजा, पाणी ६ वाव आहे. तर साध्या हवेत ३० वाव आणि वाऱ्यात ४२ वाव दोर लागेल. १ वाव म्हणजे ६ फूट, अर्थात सुमारे १.८ मीटर. यावरून ७५ मीटर दोर पुष्कळ वाटत असला तरी ६ वाव पाण्यात वाऱ्याच्या दिवशी तो बेताचाच ठरतो, हे ध्यानात येईल. भरतीने पाणी वाढणार असेल तर वाढीव खोली धरूनच हिशेब करावा.

नांगर व दोर यांच्यामध्ये काही मीटर साखळी असावी. साखळीच्या वजनाने ओढ खाली राहते व खडकावर घासून दोर तुटत नाही. नांगर नेहमी नाळेकडून टाकावा, पिछाडीकडून कधीही टाकू नये. पिछाडी बसकी असते व तिच्यावर यंत्राचा भार असतो. लाट तिच्यावरून सरळ आत येते. दोराचे दुसरे टोक होडीला बांधलेले आहे याची खात्री करूनच नांगर सोडावा. हे सांगण्याची गरज नाही असे वाटेल, पण घाईत टोक न बांधताच नांगर पाण्यात गेल्याचे प्रसंग किनाऱ्यावर ऐकावयास मिळतात.

नांगर पुरणार नाही इतके पाणी खोल असेल, तर तोंड उघडे असलेली कॅनव्हासची मोठी पिशवी किंवा दोराला बांधलेली बादली नाळेवरून सोडावी. तिच्या ओढीने होडीचे तोंड लाटांकडे राहते व होडी आडवी पडत नाही.

पाणी आणि आग

पाणी उपसण्याचा पंप असला तरी हाताने उपसण्याचे भांडे दोरीने बांधून ठेवावे. पंप बॅटरीवर चालतो. भांडे मनगटावर चालते. रोज निघताना तळाशी किती पाणी साचले आहे, ते पाहण्याची सवय ठेवावी. पाणी एकाएकी जास्त दिसले तर कोठेतरी सांधा उघडला आहे किंवा फायबरला चीर पडली आहे, असे समजून त्या दिवशी होडी काठावरच ठेवावी.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती उडून न जाता होडीच्या तळाशी साचून राहते आणि एका ठिणगीने पेट घेते. म्हणून हलविता येणारी टाकी काठावर उतरवूनच भरावी, इंधन भरताना विडी ओढू नये, सांडलेले इंधन पुसून काढावे व थोडा वेळ वारा खेळू द्यावा. मगच यंत्र सुरू करावे. तेलाच्या व विजेच्या आगीवर चालणारे कोरड्या भुकटीचे अग्निशामक यंत्र सुकाणूजवळ असावे, इंधनाच्या टाकीजवळ नव्हे. आग टाकीजवळ लागली तर तेथे हात पोहोचणार नाही.

यंत्र, इंधन व सुटे भाग

नव्या यंत्राबरोबर आलेली पुस्तिका वाचावी अथवा वाचून घ्यावी. पहिले काही तास यंत्र पूर्ण वेगाने चालवू नये, असे बहुतेक पुस्तिकांत सांगितलेले असते. नव्या यंत्राचा उत्साह या ठिकाणी आवरला तर यंत्राचे आयुष्य वाढते. फेरी संपल्यावर बाहेर बसविलेल्या यंत्रातून गोडे पाणी फिरवावे, म्हणजे आत मीठ साचत नाही.

इंधनाचा हिशेब तिहेरी करावा. एक भाग जाण्यासाठी, एक भाग येण्यासाठी आणि एक भाग हात न लावता राखून ठेवण्यासाठी. उदाहरणार्थ, यंत्रास तासाला ४ लिटर इंधन लागते असे मोजून आढळले आणि मासेमारीची जागा २ तासांच्या अंतरावर असली, तर जाण्यास ८ व येण्यास ८ लिटर लागतील. म्हणून निघताना २४ लिटर बरोबर असावे. जाळी टाकताना व ओढताना यंत्र चालू राहणार असेल तर ते तास निराळे धरावेत. परतताना समोरून वारा असल्यास तेच अंतर कापण्यास अधिक इंधन लागते, हे राखीव भागाचे खरे कारण आहे.

सुट्या भागांच्या पेटीत यंत्राच्या जातीप्रमाणे पुढील वस्तू असाव्यात : पेट्रोल यंत्रासाठी स्पार्क प्लग व सुरू करण्याची दोरी, डिझेल यंत्रासाठी पट्टा, दोन्हींसाठी इंधनाची गाळणी, पंख्याची खीळ, वंगण, तार, चिकटपट्टी, पाने, पक्कड व धारदार सुरी. पंख्यात जाळे किंवा दोर अडकल्यास यंत्र पूर्ण बंद करूनच हात घालावा. यंत्र दुरुस्त होण्याजोगे नसेल अशा वेळेसाठी वल्ही बरोबर असलीच पाहिजेत. यंत्राच्या होडीला वल्ह्यांची लाज वाटण्याचे कारण नाही.

दिशा, दिवे व संदेश

जी. पी. एस. मुळे जागा शोधणे सोपे झाले आहे. तथापि बॅटरी संपली की त्याचा उपयोगही संपतो. होकायंत्राला बॅटरी लागत नाही. खाडीच्या मुखातून बाहेर पडताना कोणत्या दिशेने निघालो, ते होकायंत्रावर पाहून ठेवावे. धुके आले तर उलट दिशा धरून परतता येते. होकायंत्राजवळ लोखंडी हत्यारे किंवा भ्रमणध्वनी ठेवू नये, त्याने सुई फसते.

रात्री चालणाऱ्या यांत्रिक होडीने डाव्या बाजूस तांबडा व उजव्या बाजूस हिरवा दिवा लावावा. मासेमारी चालू असता उंच जागी सर्व बाजूंनी दिसणारे दोन दिवे एकाखाली एक लावावयाचे असतात. ट्रॉल ओढणाऱ्या नौकेवर वर हिरवा व खाली पांढरा, इतर जाळ्यांच्या नौकेवर वर तांबडा व खाली पांढरा असा त्यांचा क्रम आहे. मोठी जहाजे ये-जा करतात त्या भागात दिवे न लावता जाळ्यावर झोपणे म्हणजे रस्त्याच्या मधोमध खाट टाकण्यासारखे आहे.

भ्रमणध्वनी किनाऱ्यापासून थोड्या अंतरापर्यंतच चालतो. त्यापलीकडे व्ही. एच. एफ. बिनतारी संच उपयोगी पडतो. संकटाच्या वेळी त्याच्या १६ क्रमांकाच्या वाहिनीवर 'मेडे' हा शब्द तीनदा उच्चारून होडीचे नाव, ठिकाण, काय झाले आणि किती माणसे आहेत, एवढे सांगावे. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने तयार केलेल्या संकटसूचक संचाद्वारे होडीचे ठिकाण व संकटाचा संदेश उपग्रहामार्फत तटरक्षक दलाच्या शोध व बचाव केंद्रापर्यंत पोहोचतो. सन २०२४ पासून वापरात आलेल्या नव्या संचावर संदेश पोहोचल्याची पोचही मिळते. तटरक्षक दलाचा दूरध्वनी क्रमांक १५५४ व सागरी पोलिसांचा १०९३ हे क्रमांक होडीच्या आतील फळीवर रंगवून ठेवावेत. घाबरलेल्या माणसाला क्रमांक आठवत नाहीत, पण वाचता येतात. विजेरी, शिट्टी आणि लाल प्रकाशाच्या संकटज्योतीही कोरड्या डब्यात असाव्यात.

हवामान व भरती

पश्चिम किनाऱ्यावर केंद्र शासनाच्या आदेशानुसार यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी लागू करण्यात आली आहे. हा काळ माशांच्या वाढीचा आहे, तसाच तो होडीच्या डागडुजीचाही आहे. राज्य शासनाचा त्या वर्षीचा आदेश पाहूनच हंगामाची तारीख ठरवावी. बंदी उठली म्हणजे समुद्र शांत झाला, असा अर्थ नव्हे. नव्या मालकाने नारळी पौर्णिमेनंतरही अनुभवी तांडेल निघतात किंवा नाही, ते पाहावे.

धोका पावसाळ्यातच असतो असेही नाही. सन २०१७ च्या डिसेंबरमध्ये ओखी चक्रीवादळाच्या वेळी केरळ व तामिळनाडूकडील अनेक नौका वादळातून वाट काढीत देवगड बंदराच्या आश्रयास आल्या. सन २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ ३ जून रोजी अलिबागजवळ किनाऱ्यावर आदळले. या दोन्ही तारखा भर पावसाळ्यातील नाहीत. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी व निघताना हवामान खात्याचा मच्छीमारांसाठी असलेला इशारा आणि हैदराबाद येथील इन्कॉइस संस्थेचा लाटांचा अंदाज, दोन्ही पाहावेत. बंदरात तीन नंबरचा बावटा लागला असेल तर लहान होडी काढू नये.

भरतीची वेळ काढण्याची किनाऱ्यावरील जुनी रीत नव्या मालकाने अवश्य शिकावी. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली असता पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीस चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे व दुपारी तीनच्या सुमारास. अष्टमीस सकाळी व संध्याकाळी सहाच्या सुमारास. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. पौर्णिमा व अमावास्या यांच्या आसपास उधाण असते व पाण्याची ओढ जोराची असते. अष्टमीच्या सुमारास भांग असते व ओढ मंद असते. अचूक वेळेसाठी मात्र बंदराचे भरतीचे कोष्टकच पाहावे.

खाडीचे मुख

दाभोळ, बाणकोट, जयगड, देवबाग अशा ठिकाणी नद्या समुद्रास मिळतात आणि खाड्यांच्या मुखाशी वाळूचे पट्टे साचतात. पावसाळ्यानंतर या पट्ट्यांची जागा बदलते. गतवर्षीची वाट या वर्षी वाट असेलच असे नाही. खाडीचे पाणी ओहोटीने वेगाने बाहेर निघत असता समोरून समुद्राची लाट आली की ती उभी राहून फुटते. लहान होड्यांना खोल समुद्रापेक्षा हीच जागा अधिक धोक्याची असते. मुख शक्यतो भरतीच्या अखेरीस, पाणी स्थिर होत असताना ओलांडावे. लाटेला होडीची बाजू कधीही देऊ नये. परतताना ओहोटी लागून लाटा फुटू लागल्या असतील, तर बाहेरच नांगर टाकून पाणी चढण्याची वाट पाहावी. मासळी थोडी नरम पडली तर तो तोटा पुढच्या फेरीत भरून निघतो.

मासळी भरपूर मिळालेल्या दिवशी दुसराच मोह होतो. त्यासाठी होडीच्या बाहेरील अंगास भाराची मर्यादा दाखविणारी एक रेघ रंगवून घ्यावी. रेघ पाण्याखाली गेली की आणखी एक टोपलीही चढवू नये. ओले जाळे एकाच बाजूस रचू नये.

प्रथमोपचार व पाणी

पट्ट्या, जंतुनाशक औषध, चिमटा व गल कापण्याची पक्कड एका डब्यात असावी. पाकट किंवा शिंगाळ्याचा काटा लागल्यास जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात धरल्याने वेदना कमी होतात. पाणी भाजण्याइतके कढत नसावे. काटा खोल असल्यास किंवा छातीला अथवा पोटाला लागल्यास तो उपटू नये, दवाखाना गाठावा. समुद्रसाप चावल्यास अवयव स्थिर ठेवून तत्काळ परत फिरावे. पिण्याचे पाणी माणशी निदान ४ लिटर असावे. दिवसाची फेरी कधी रात्रीची होईल, ते सांगता येत नाही.

पहिल्या फेऱ्या

नव्या होडीची पहिली फेरी मासेमारीसाठी नसावी. पहिले दोन-तीन दिवस जाळी न घेता, एखादा जुना तांडेल बरोबर घेऊन खाडीतच होडी चालवावी. होडी किती जागेत वळते, पूर्ण वेगातून थांबण्यास किती अंतर लागते, नांगर धरतो किंवा नाही, वल्ह्यांवर होडी हलते किंवा नाही, हे प्रत्यक्ष करून पाहावे. एक कडे पाण्यात टाकून ते माणूस आहे असे समजून उचलण्याचा सराव करावा. पंचवीस-तीस वर्षे सुकाणू धरलेल्या तांडेलाचा एक दिवस मागून घेणे, हे नव्या मालकाला मिळणारे सर्वांत स्वस्त शिक्षण आहे. वर्सोवा, अलिबाग, रत्नागिरी येथील मत्स्यव्यवसाय प्रशिक्षण केंद्रांचाही लाभ घ्यावा.

निघण्यापूर्वी पाहावयाची यादी

१. हवामानाचा इशारा, बावटा व भरतीची वेळ पाहिली काय?
२. माणसे मोजली काय? तितकी जॅकेटे वर काढली काय?
३. इंधन तिहेरी हिशेबाने भरले काय? वल्ही, सुटे भाग व हत्यारे आहेत काय?
४. नांगर, साखळी व दोर मोकळे आहेत काय? टोक बांधले आहे काय?
५. तळाचे पाणी पाहिले काय? उपसण्याचे भांडे जागेवर आहे काय?
६. दिवे, बिनतारी संच, संकटसूचक संच व विजेरी चालतात काय?
७. पिण्याचे पाणी, प्रथमोपचाराचा डबा व कागदपत्रे आहेत काय?
८. कोठे जाणार, कितीजण आहेत व केव्हा परतणार, हे घरी आणि संस्थेत सांगितले काय?

यांतील आठवी बाब फुकट असूनही ती पुष्कळदा विसरली जाते. होडी परतली नाही हे किनाऱ्यावर कोणाच्या लक्षात आले, तरच शोध सुरू होतो; आणि कोठे शोधावयाचे हे ठाऊक असेल, तरच तो वेळेवर होतो.

ग्रामपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी व सागरमित्रांनी नव्या होडीच्या कर्जाच्या अर्जास मदत करताना खर्चाच्या अंदाजपत्रकात वरील साहित्य लिहिले आहे किंवा नाही, हे आवर्जून पाहावे. गावात नव्या होड्या आल्या असतील तर हंगामापूर्वी एक दिवस ठरवून जॅकेटांची, नांगरांची व दिव्यांची एकत्र पाहणी करावी. वरील यादी मोठ्या अक्षरांत लिहून संस्थेच्या भिंतीवर लावावी व घरातील स्त्रियांनाही ती वाचून दाखवावी. होडी कोठे गेली आणि केव्हा येणार, हे विचारण्याचा पहिला हक्क त्यांचा आहे.

होडीचे कर्ज हंगामागून हंगाम फेडता येते. त्यासाठी होडी व तिच्यावरील माणसे प्रत्येक संध्याकाळी किनाऱ्यास लागली पाहिजेत, आणि त्याची तयारी सकाळी, होडी पाण्यात लोटण्यापूर्वीच करावी लागते.